एनएस-3 मध्ये दहा वेळा चालवलं तरी आकडे तेच का येतात?

"मॅडम, दहा वेळा रन केलं. दहाही वेळा पॅकेट डिलिव्हरी रेशो (पाठवलेल्यांपैकी पोचलेल्या पॅकेट्सचं प्रमाण) दोन दशांशांपर्यंत तोच आला. म्हणजे प्रोटोकॉल स्थिर आहे असं लिहू ना?"

प्रोजेक्टचा दुसरा रिव्ह्यू जवळ आला की माझ्या लॅबमध्ये हा प्रश्न हमखास येतो. कधी एम.टेक.चा विद्यार्थी विचारतो, कधी पीएचडी करणारे सहकारी फोन करतात. उत्तर दर वेळी तोंडी देत आले, आता एकदा नीट लिहून ठेवते आहे. एनएस-3 हा नेटवर्कचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम वापरणाऱ्या कुणालाही ही अडचण येऊ शकते, आणि ती वेळेत लक्षात आली नाही तर पुढचं सगळं विश्लेषण पोकळ पायावर उभं राहतं.

आधी थेट उत्तर. एनएस-3 मध्ये सीड (रँडम संख्यांची मालिका ठरवणारा आकडा) आणि रन नंबर (त्यातला कोणता भाग वापरायचा ते सांगणारा आकडा) दोन्ही मुळात 1 असतात. ते तुम्ही बदलले नाहीत, तर प्रोग्राम दहा वेळा चालवा की हजार वेळा, रँडम संख्यांची तीच मालिका तशीच पुन्हा वापरली जाते. नोड, म्हणजे नेटवर्कमधली उपकरणं, त्याच जागांवरून निघतात, त्याच वेगाने चालतात, तीच पॅकेट्स हरवतात. तुम्ही दहा प्रयोग केलेले नसतात, एकाच प्रयोगाची चित्रफीत दहा वेळा पाहिलेली असते. ही त्रुटी नव्हे, हे मुद्दाम ठरवलेलं आहे. 3.3 आवृत्तीपर्यंत सीड आपोआप बदलत असे, 3.4 पासून तो कायम ठेवला गेला. आज आलेलं उत्तर उद्या, दुसऱ्या कुणाच्या मशीनवरही तसंच यावं, हा त्यामागचा हेतू. जुन्या एनएस-2 मध्येही मूळ सीड 12345 हा ठरलेलाच होता, त्यामुळे टीसीएल स्क्रिप्टवर शिकलेल्यांनाही हा अनुभव नवा नसावा.

उपाय म्हणजे रन नंबर बदलणे. प्रोग्राम चालवताना "आरएनजीरन" या पर्यायाला 1, 2, 3 असे वेगवेगळे आकडे द्या. सीडला हात लावू नका.

इथवर सांगितलं की निम्म्या जणांचं काम होतं. उरलेले अर्ध्या तासाने परत येतात: "दिला मॅडम रन नंबर, तरी तेच." खरी शोधाशोध तिथून सुरू होते.

रन नंबर आत पोचतोय का?

पहिलं काम, मेन फंक्शनमध्ये सिम्युलेशन सुरू होण्याआधी सध्याचा सीड आणि रन नंबर छापून घ्या. आरएनजीसीडमॅनेजर या वर्गात गेटसीड आणि गेटरन अशी फंक्शन्स त्यासाठीच आहेत. तुम्ही 7 दिलात आणि पडद्यावर 1 दिसला, तर नंबर वाटेतच हरवतोय.

तो बहुतेक वेळा अवतरण चिन्हांपायी हरवतो. प्रोग्रामचं नाव आणि त्याचे पर्याय मिळून एकाच अवतरणात द्यावे लागतात. अवतरण विसरलं, तर तो पर्याय तुमच्या प्रोग्रामला न मिळता बाहेरच्या एनएस-3 स्क्रिप्टच्या हाती पडतो. 3.36 आवृत्तीपासून बिल्ड करण्याचं वॅफ हे साधन जाऊन सीमेक आलं आणि चालवण्याची पद्धतही बदलली. जुन्या ट्युटोरियलमधली ओळ नव्या आवृत्तीत जशीच्या तशी चिकटवली की इथेच गाडी अडते.

दुसरी शक्यता, कोडमध्ये कमांडलाइनचं पार्स फंक्शन बोलावलेलंच नसतं. कमांडवर दिलेला रन नंबर तेच वाचतं. ते नसेल तर तुम्ही काहीही लिहा, प्रोग्रामच्या कानावर जात नाही.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त वेळा सापडते. मागच्या बॅचच्या कुणीतरी सेटरन फंक्शनला 1 देऊन ती ओळ कोडमध्ये ठेवून दिलेली असते. पार्स नंबर वाचतं आणि पुढची ओळ तो पुन्हा 1 करून टाकते. दुसऱ्याचं कोड घेऊन काम करत असाल तर सेटसीड आणि सेटरन हे दोन शब्द आधी शोधून बघा.

चौथी शक्यता क्रमाची, आणि ती कळण्यासाठी आतली रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

वही आणि पान

वर्गात मी हे असं सांगते. एनएस-3 मध्ये तुम्ही एखादा रँडम चल तयार केलात, म्हणजे नोडचा वेग ठरवणारा किंवा अॅप्लिकेशन सुरू होण्याची वेळ ठरवणारा, की त्याला आकड्यांनी भरलेली एक स्वतंत्र वही मिळते. तिला स्ट्रीम म्हणतात. रन नंबर म्हणजे त्या वहीतलं कोणतं पान उघडायचं ते. हे पान म्हणजे सबस्ट्रीम. आणि सीड म्हणजे वह्यांचं अख्खं कपाट.

यामागचा जनित्र एमआरजी32के3ए नावाचा आहे, पिएर लेक्युये यांचा. त्यात 1.8 × 10¹⁹ स्ट्रीम आहेत, प्रत्येकात 2.3 × 10¹⁵ सबस्ट्रीम, आणि एका सबस्ट्रीमची लांबी 7.6 × 10²². तुमच्या प्रबंधाला पानं कमी पडणार नाहीत! महत्त्वाचं हे की एका पानावरचे आकडे दुसऱ्या पानावर सांडत नाहीत याची खात्री रचनेतच आहे. दोन वेगवेगळे सीड घेतले तर ती खात्री उरत नाही. म्हणून सीड कायम ठेवायचा आणि रन नंबर पुढे न्यायचा.

आता चौथी शक्यता. वहीचं पान चल तयार होतानाच उघडलं जातं. तुम्ही आधी नोड, मोबिलिटी (नोडांची हालचाल), वायफाय सगळं मांडलंत आणि नंतर सेटरन बोलावलंत, तर त्या चलांची पानं केव्हाच उघडून झालेली असतात. नवा नंबर त्यांना लागू होत नाही. पार्स आणि सेटरन दोन्ही मेनच्या अगदी सुरुवातीला हवेत, एकही हेल्पर (नोड वगैरे मांडून देणारा तयार वर्ग) वापरण्याआधी.

मुळात रँडम काही आहे का?

गेटरन बरोबर नंबर दाखवतंय, तरी आकडे तेच? मग तुमच्या मांडणीत नशिबाचा भाग आहे का ते बघा.

एनएस-3 च्या ट्युटोरियलमधलं पहिलं उदाहरण घ्या. दोन नोड, मधे 5 एमबीपीएसची पॉइंट-टू-पॉइंट लिंक, 2 मिलिसेकंद विलंब. क्लायंट 2 सेकंदांनी 1024 बाइट पाठवतो, सर्व्हरला ते 2.00369 सेकंदांनी मिळतं. हा आकडा वहीच्या कोपऱ्यावर हाताने काढता येतो. 1024 बाइट डेटा, 8 यूडीपीचे, 20 आयपीचे, 2 पीपीपीचे, मिळून 1054 बाइट, म्हणजे 8432 बिट. 5 एमबीपीएसने ते लिंकवर चढायला 1.6864 मिलिसेकंद लागतात. त्यात विलंबाचे 2 मिळवले की 3.6864. उत्तर परत येताना पुन्हा तेवढाच वेळ, म्हणून क्लायंटला ते 2.00737 ला मिळतं. यात कुठेही फासा टाकलेला नाही. रन नंबर 500 केलात तरी हेच येणार, आणि तेच यायला हवं.

हे गणित मी प्रत्येक बॅचकडून करून घेते. सिम्युलेटरने दिलेला आकडा स्वतःच्या पेनाने पडताळून पाहिलेल्या मुलाचं पुढच्या आकड्यांशी नातं बदलतं. तो आकडा त्याचा होतो.

दुसऱ्या उदाहरणात सीएसएमएचं, म्हणजे एकाच सामायिक तारेवरचं लॅन येतं आणि चित्र बदलतं, कारण तिथे एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून हार्डवेअरचा पत्ता विचारण्याची पद्धत आहे. एनएस-3 एआरपीची विनंती पाठवण्याआधी थोडं रँडम थांबतं, सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून. तेवढ्यानेही रन नंबरागणिक वेळा हलतात. वायफायमध्ये तर बॅकऑफ (पाठवण्याआधी रँडम वेळ थांबणं) आहे, मोबिलिटी आहे, त्यामुळे तिथे आकडे बदलायलाच हवेत. न बदलले तर काहीतरी नक्की चुकतंय.

(पॅकेट ट्रेसर वापरणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांसाठी जाता जाता: पहिला पिंग वाया जातो आणि पुढचे तीन लागतात, तेव्हा कारण एआरपीच असतं. सिम्युलेशन मोडमध्ये जाऊन एकेक पॅकेट पुढे ढकलत पाहा, एआरपीची विनंती आधी जाताना स्पष्ट दिसेल. शिकवण्यासाठी ते साधन फार चांगलं आहे. पण कामगिरीचे आकडे काढून शोधनिबंधात घालण्यासाठी ते बनवलेलं नाही.)

आणखी एक साधं कारण. सगळे आकडे शून्य आणि सगळे सारखे असतील, तर सिम्युलेशन थांबण्याची वेळ अॅप्लिकेशन सुरू होण्याआधीची तर नाही ना? मॅनेट राउटिंग कम्पेअर या (फिरत्या नोडांच्या नेटवर्कमधले राउटिंग प्रोटोकॉल तपासणाऱ्या) नेहमीच्या उदाहरणात ट्रॅफिक 100 सेकंदांनंतर सुरू होतं. "लवकर संपावं" म्हणून एकूण वेळ 200 वरून 50 वर आणली की एकही पॅकेट निघत नाही.

फाइल जुनीच असेल तर

हे कारण हास्यास्पद वाटेल, पण यात माझ्या एका विद्यार्थिनीचे चार दिवस गेले. वर उल्लेख केलेलं उदाहरण निकाल एका ठरावीक नावाच्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहितं आणि सुरू होताना ती फाइल कोरी करतं. दहा रन केले तरी शेवटी हातात एकाच रनचे आकडे. तिची आलेखाची स्क्रिप्ट दहाही वेळा तीच फाइल वाचत होती. फाइलचं नाव कमांडवरून बदलता येतं, तिथे रन नंबर घाला. 1 ते 10 फिरणारा शेलचा एक छोटा लूप लिहा आणि तोच आकडा रन नंबरला आणि फाइलच्या नावालाही द्या. पॅकेट्सची नोंद ठेवणाऱ्या पीकॅप फाइल्सनाही हाच नियम.

रन एकाच वेळी समांतर चालवणार असाल तर आधी एकदा बिल्ड करून घ्या आणि मग बिल्ड टाळण्याचा पर्याय देऊन चालवा, नाहीतर सगळे एकमेकांच्या पायात येतात. कोड तपासून झालं असेल तर ऑप्टिमाइज्ड प्रोफाइलने बिल्ड करा, वेळेत फरक जाणवेल. पण त्यात लॉग आणि असर्ट (कोडमधल्या तपासण्या) दोन्ही बंद होतात, म्हणून चूक शोधायची ती डीबगमध्येच.

घड्याळावरून सीड घेऊ नका

आकडे हलत नाहीत म्हणून वैतागून बरेच जण सीडला सध्याची वेळ देतात. आकडे लगेच हलतात, जीव भांड्यात पडतो. पण आता तुमचा निकाल पुन्हा काढता येत नाही. परीक्षकाने सहाव्या रनमध्ये काय झालं विचारलं, तर तो रन तुमच्याकडे नाही. शिवाय ही वेळ सेकंदांत मोजली जाते. लूपमध्ये एकाच सेकंदात तीन रन सुरू झाले तर तिघांना एकच सीड मिळतो, आणि दहा रनांच्या सरासरीत तेच उत्तर तीनदा जाऊन बसतं, तुम्हाला कळतही नाही.

सी++ चं साधं रँड फंक्शन वापरू नका तेही याचसाठी. ते एनएस-3 च्या वह्यांच्या बाहेर आहे, रन नंबर त्याला माहीतच नसतो.

उलटी तक्रार: नंबर तोच, आकडे वेगळे

"सरांच्या मशीनवर वेगळं येतंय." आधी दोन्हीकडची एनएस-3 ची आवृत्ती बघा. मॉडेलमध्ये आवृत्तीगणिक बदल होतात, त्यामुळे आवृत्ती वेगळी असेल तर आकडे जुळण्याची अपेक्षाच धरू नका. आवृत्ती तीच असेल तर तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये आरंभी किंमत न दिलेला एखादा चल असू शकतो, किंवा पॉइंटरच्या पत्त्यानुसार लावलेला सेट. पत्ते दर वेळी बदलतात, क्रम बदलतो, निकाल बदलतो. व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं साधन पहिल्या प्रकारची चूक पकडून देतं, दुसरीसाठी डोळ्यांत तेल घालून कोड वाचावं लागतं.

याहून सूक्ष्म प्रकार असा. तुम्ही कोडमध्ये एक निरुपद्रवी रँडम चल वाढवता, अगदी "एक आकडा छापून बघू" म्हणून, आणि सगळे निकाल बदलतात. कारण वह्या आल्या त्या क्रमाने वाटल्या जातात. मधे एक जण घुसला की मागच्या सगळ्यांच्या वह्या एकाने सरकतात. त्यावर उपाय म्हणजे असाइनस्ट्रीम्स, म्हणजे कोणत्या चलाला कितव्या क्रमांकाची वही हे आपणच नेमून देणं. क्रमांकांचा पहिला अर्धा भाग आपोआप वाटल्या जाणाऱ्या वह्यांसाठी राखलेला आहे, हाताने नेमलेल्या वह्या दुसऱ्या अर्ध्यातून येतात, म्हणून दोन्हींची टक्कर होत नाही.

प्रोटोकॉलांची तुलना करताना याचं मोल कळतं. एओडीव्ही आणि ओएलएसआर या राउटिंग प्रोटोकॉलांची तुलना करायची तर रन नंबर 4 मध्ये दोघांनाही नोडांची हालचाल तीच मिळायला हवी. मोबिलिटीची वही नेमून दिलेली नसेल, तर प्रोटोकॉल बदलताच वह्या सरकतात आणि एकाला सोपा रस्ता, दुसऱ्याला घाट असं होतं. मॅनेट राउटिंग कम्पेअरमध्ये मोबिलिटीसाठी स्ट्रीमचा क्रमांक 0 पासून मुद्दाम नेमला आहे तो यासाठीच. स्वतःचं कोड लिहिताना ही ओळ अनेकांकडून सुटते.

आकडे हलायला लागले. आता पुढे?

आता दहा रनांचे दहा वेगवेगळे आकडे आले, की नवी घबराट होते: "यातला बरोबर कोणता?" कोणताही एक नाही. सरासरी द्या आणि तिच्याबरोबर विश्वासमर्यादा, म्हणजे खरी सरासरी ज्यात असण्याची शक्यता मोठी आहे तो पट्टा, द्या. समजा दहा रनांच्या डिलिव्हरी रेशोची सरासरी 82.4 टक्के आणि प्रमाण विचलन 4.1. दहा निरीक्षणांसाठी 95 टक्क्यांचं टी-मूल्य 2.262. त्याला 4.1 ने गुणून 10 च्या वर्गमुळाने भागलं की 2.9 येतात. म्हणजे 82.4 ± 2.9. दुसऱ्या प्रोटोकॉलची सरासरी 80.9 आणि पसारा साधारण तेवढाच असेल, तर या दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि केवळ त्यांच्या जोरावर "पहिला सरस" म्हणता येत नाही.

पण वर सांगितलं तसं दोघांना तीच हालचाल दिली असेल, तर प्रत्येक रन नंबरसाठी दोघांतला फरक काढा आणि त्या दहा फरकांची मर्यादा काढा. समजा फरकाची सरासरी 1.5 आणि विचलन फक्त 1.4. मर्यादा येते साधारण 1.0, म्हणजे फरक 0.5 ते 2.5 च्या दरम्यान. शून्य त्यात नाही. आता लहान का होईना, फरक आहे असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. तेवढेच रन, तेवढाच वेळ, पण जोड्या लावल्यामुळे हालचालीचा गोंगाट वजा झाला. मला हा भाग शिकवायला सगळ्यात जास्त आवडतो.

आणखी एक सापळा दहा रन करूनही सुटत नाही, कारण तो दहाही रनांत सारखाच असतो. रँडम वेपॉइंट मोबिलिटीत (नोड एकेक रँडम ठिकाण आणि वेग निवडून तिकडे चालत राहतो अशा हालचालीत) किमान वेग 0 ठेवला तर नोडांचा सरासरी वेग काळाबरोबर उतरत जातो. अगदी कमी वेग वाट्याला आलेला नोड लांबच्या ठिकाणाकडे रांगत राहतो, आणि असे रांगणारे साचत जातात. यून, लिऊ आणि नोबल यांनी 2003 मध्ये हे दाखवून दिलं. मॅनेट राउटिंग कम्पेअरमध्ये वेग 0 पासून 20 मीटर प्रतिसेकंदापर्यंत समान वाटलेला आहे, तो तसाच उचलू नका. किमान वेग शून्याहून मोठा ठेवा, किंवा एनएस-3 मधलं स्टेडी स्टेट रँडम वेपॉइंट हे मॉडेल घ्या.

तसंच ओएलएसआरला रस्ते जमवायला वेळ द्या. त्याचा हॅलो संदेश दर 2 सेकंदांनी आणि टोपॉलॉजीचा दर 5 सेकंदांनी जातो. ट्रॅफिक शून्याव्या सेकंदाला सोडलं तर सुरुवातीची पॅकेट्स हरवणारच, त्याचा दोष प्रोटोकॉलला देऊ नका.

ही केवळ आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची अडचण नाही. कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी 2000 ते 2005 मधले मोबीहॉक परिषदेचे 151 शोधनिबंध तपासले. त्यांतले 114 सिम्युलेशनवर आधारलेले होते, आणि बहुतेकांच्या आलेखांवर विश्वासमर्यादा नव्हत्या. एवढ्या नावाजलेल्या परिषदेत हे झालं. म्हणून लाजून गप्प बसू नका, विचारा.

विचारताना मात्र एवढं जरूर कळवा: एनएस-3 ची आवृत्ती, चालवलेली पूर्ण कमांड जशीच्या तशी, गेटसीड आणि गेटरनने छापलेले आकडे, आणि रन 1 व रन 2 चे निकाल शेजारी शेजारी. एवढ्यावरून दहापैकी आठ वेळा दोष लगेच सापडतो. माझ्या लॅबच्या जर्नलमध्ये आता प्रत्येक आलेखाखाली एक ओळ सक्तीची आहे: आवृत्ती, सीड, कोणते रन, एकूण वेळ, सुरुवातीचा सोडून दिलेला वेळ.

चार दिवस घालवलेल्या त्या विद्यार्थिनीने नंतर 20 रन नव्याने केले, जोड्या लावून. कमी नोड असताना तिने सुचवलेला बदल खरंच फायद्याचा निघाला. 50 नोडांवर फरकाच्या पट्ट्यात शून्य आलं. तिने दोन्ही आलेख अहवालात ठेवले आणि दुसऱ्याखाली "फरक सिद्ध होत नाही" असं लिहिलं. व्हायवाला परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच आलेखावर घालवला.